सदैव तयार असण्याची किंमत: एक होडी, एक कुटुंब आणि टगचं इंजिन

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. डिझेल इंजिनाच्या धुरातले सूक्ष्म कण हा माझा विषय. तोवर प्रयोगशाळेतल्या इंजिनावर मी बरीच मोजमापं घेतली होती आणि एक छानसा आलेखही तयार होता. तो घेऊन मी एका बंदरात टग बघायला गेले. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून किंवा ढकलून धक्क्याला लावणारी छोटी, दणकट बोट. इंजिन रूममधल्या ड्रायव्हरकाकांना मी आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, आलेख बरोबर असेल. पण आमचं इंजिन या जोरावर दिवसातून किती वेळ चालतं, ते मोजलंत का?"

नव्हतं मोजलं. त्या वेळीसुद्धा टग धक्क्याला बांधलेला होता, जहाज यायला अजून अवकाश होता आणि दोन्ही इंजिनं मंद धडधडत होती. मी तासभर तिथे होते. तेवढ्या वेळात टग एक फूटही हलला नाही, धूर मात्र येत राहिला.

घरी येताना जाणवलं, की वर्षभर मी ज्या स्थितीतलं इंजिन मोजत होते त्या स्थितीत टग क्वचितच असतो. त्यानंतर माझ्या प्रबंधाचा निम्मा आराखडा बदलला. या लेखात तो का बदलला ते सांगायचंय. त्यासाठी मी एका अमेरिकन टग कंपनीचा इतिहास घेतेय, कारण टगची ही "थांबून राहण्याची" भानगड त्या कंपनीच्या ब्रीदवाक्यातच आहे. ते ब्रीदवाक्य म्हणजे "ऑल्वेज रेडी", आपल्या भाषेत "सदैव तयार".

पाच डॉलरची होडी

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा नावाचं बंदर आहे. 1889 साली तिथे थिया फॉस नावाची तिशीतली बाई आपल्या कुटुंबाबरोबर पाण्याकाठी राहत होती. थिया आणि तिचा नवरा अँड्र्यू दोघंही नॉर्वेहून आलेले. तो सुतारकाम करायचा. घर जेमतेम चाललेलं.

फॉस कुटुंबात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी: अँड्र्यू कामासाठी बाहेरगावी गेलेला असताना थियाने एका वैतागलेल्या कोळ्याकडून त्याची जुनी होडी पाच डॉलरला विकत घेतली. ती घासूनपुसून रंगवली आणि नफ्यात विकली. त्या पैशांत आणखी दोन घेतल्या. मग विकण्यापेक्षा भाड्याने देणं बरं, हे तिच्या लक्षात आलं. नवरा परतला तोवर त्याच्या सुतारकामापेक्षा तिच्या होड्यांची कमाई जास्त झाली होती! घरच्या गोष्टीत थोडं मीठमसाला असणारच. पण होड्या भाड्याने देण्यापासून धंदा सुरू झाला आणि त्याची सुरुवात थियाने केली, याबद्दल वाद नाही.

पुढे अँड्र्यू स्वतः होड्या बांधू लागला. बंदरात नांगरलेल्या शिडाच्या जहाजांना सामान पोचवायचं, माणसांची ने-आण करायची, अशी कामं मिळत गेली. वल्ह्यांच्या जागी इंजिनाच्या छोट्या लाँच आल्या. तो लाकूडतोडीचा प्रदेश, त्यामुळे ओंडक्यांचे तराफे ओढून गिरणीपर्यंत नेण्याचं मोठं काम हाती आलं आणि त्यातून कंपनी टगच्या धंद्यात शिरली. आर्थर, वेडेल आणि हेन्री ही मुलंही धंद्यात आली. थिया कामगारांना जेवूखाऊ घालायची, हिशेबावर लक्ष ठेवायची. 1927 साली ती गेली तेव्हा फॉस हे नाव त्या सगळ्या किनाऱ्यावर माहीत झालेलं होतं.

"सदैव तयार" हे वाक्य याच काळातलं. त्यामागचं व्यवहारज्ञान सरळ आहे. जहाज भरतीची वेळ बघून येतं, वाऱ्यामुळे उशिरा येतं, कधी मध्यरात्री येतं. ज्याची बोट त्या क्षणी तयार असेल त्याला काम मिळतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते ओढण्याचे. पण त्याने तुम्हाला निवडलेलं असतं ते तयार असण्यासाठी.

आता प्रश्न असा, की तयार असण्यासाठी खर्च किती येतो? वल्ह्याच्या होडीला जवळजवळ काहीच नाही. होडी बांधून ठेवली की ती काही खात नाही. वल्हवणारा माणूस जागा असला म्हणजे झालं. इंजिन आल्यावर मात्र हे गणित बदललं.

वाफ, मग डिझेल

याच कंपनीच्या एका टगवर हा बदल बघता येतो. 1889 सालीच, म्हणजे थियाने होडी घेतली त्याच वर्षी, पोर्टलंडमध्ये "वॉलोवा" नावाचा लाकडी, वाफेवर चालणारा टग बांधला गेला. 1929 मध्ये तो फॉस कंपनीने घेतला. 1933 साली "टगबोट ॲनी" हा हॉलिवूडचा चित्रपट आला, त्यात या टगने कामही केलं. पुढच्याच वर्षी त्याचं वाफेचं इंजिन काढून 700 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बसवलं आणि थोरल्या मुलाच्या नावावरून त्याचं नाव "आर्थर फॉस" ठेवलं. आज तो सिएटलमध्ये जतन केलेला आहे.

वाफेच्या टगची अडचण बॉयलरची. थंड बॉयलरमधलं पाणी तापून पुरेसा दाब तयार व्हायला तास न् तास लागतात. म्हणजे "सदैव तयार" राहायचं तर काम असो-नसो, भट्टी पेटती ठेवायची. चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक नसलं तरी स्टोव्ह बारीक करून ठेवतात, तसंच. फक्त स्टोव्ह खोलीएवढा.

डिझेलमुळे ही कटकट संपायला हवी होती. हवं तेव्हा चालू करा, नको तेव्हा बंद. पण "आर्थर फॉस"सारखी जुनी इंजिनं थेट प्रोपेलरला जोडलेली असत. उलट दिशेला जायचं तर इंजिन थांबवायचं, त्याची रचना उलटी करायची आणि दाबलेल्या हवेने पुन्हा सुरू करायचं! पुढे गिअर आले, क्लच आले, इंजिनं कितीतरी ताकदवान झाली. तरीही टगची इंजिनं कामांच्या मधल्या वेळात चालूच राहिली. का? कारण शेकडो फूट लांबीचं जहाज दोरखंडाला असताना किंवा कोणत्याही क्षणी पुढचा हुकूम येणार असताना "इंजिन सुरू होईना" असं म्हणायची सोय नसते. शिवाय दिवे, पंप, वायरलेस यांना वीज लागतेच.

थोडक्यात, भट्टी गेली, पण भट्टी पेटती ठेवायची सवय राहिली.

मंद चालणारं मोठं इंजिन वाईट का?

हा भाग माझ्या विषयाचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

टगची ताकद दोन प्रकारे सांगतात. एक अश्वशक्ती. दुसरी खेच: टग धक्क्यावरच्या भक्कम खुंट्याला बांधायचा, पूर्ण जोर लावायचा आणि दोरीवर किती टन ताण येतो ते मोजायचं. 5,000 अश्वशक्तीच्या आधुनिक टगची खेच साधारण 60 टनांच्या आसपास असते. एवढा जोर लागतो तो जहाज थांबवताना, वळवताना, धक्क्याला टेकवताना. तेही काही मिनिटं.

उरलेल्या वेळात टग काय करतो? धक्क्यापासून जहाजापर्यंत जातो, जहाजाजवळ थांबतो, परत येतो, बांधून राहतो. आता इथे पाण्याचा एक नियम आहे. ढोबळमानाने, बोट चालवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. हाच नियम उलटा वाचा: वेग निम्मा केला तर शक्ती फक्त एक अष्टमांश पुरते. समजा पूर्ण वेगाला 5,000 अश्वशक्ती लागत असेल, तर निम्म्या वेगाला 625 पुरे.

पण टगवर 625 अश्वशक्तीचं इंजिन नसतं. तिथे 2,500 ची दोन असतात आणि दोन्ही चालू ठेवावी लागतात, कारण दोन्ही प्रोपेलर सगळ्या बाजूंना फिरवूनच हे टग वळतात. म्हणजे प्रत्येक इंजिन आपल्या क्षमतेच्या आठव्या हिश्श्यावर चालतं. नुसतं थांबलेलं असताना तर त्याहूनही कमी.

डिझेल इंजिनाला हे मानवत नाही. इंधनाचा फवारा नीट जळायला सिलिंडर पुरेसा तापलेला हवा आणि हवा भरपूर हवी. कमी भारावर सिलिंडर थंड राहतो, जादा हवा कोंबणारा टर्बोचार्जर पुरेशा जोराने फिरत नाही, फवाराही हवा तसा बारीक होत नाही. त्यामुळे काही इंधन अर्धवट जळतं. ते चिमणीतून काजळी आणि तेलकट कणांच्या रूपात बाहेर येतं किंवा इंजिनातच चिकटून बसतं. आणि यंत्राचे स्वतःचे भाग फिरवण्यात जी शक्ती जाते ती भार कमी झाला म्हणून फारशी कमी होत नाही. म्हणजे केलेल्या कामाच्या मानाने इंधन जास्त, धूरही जास्त. दोन माणसांच्या भातासाठी लग्नाचं पातेलं चढवावं तसं.

यातले 2.5 मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं. आणि टग भर समुद्रात नसतो. तो वस्तीच्या जवळ, बंदरात, रात्रंदिवस असतो.

2009: त्याच कंपनीचा हायब्रिड टग

मधल्या काळात फॉस कंपनी कुटुंबाच्या हातातून गेली. 1969 मध्ये ती हवाईच्या डिलिंगहॅम कंपनीला विकली गेली. 1987 मध्ये पुन्हा हात बदलले आणि आज ती सिएटलच्या सॉल्टचक समूहात आहे. नाव मात्र फॉसच राहिलं.

2009 साली या कंपनीने "कॅरोलिन डोरोथी" नावाचा टग उतरवला. जगातला पहिला हायब्रिड टग म्हणून तो ओळखला जातो. काम लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांत. तिथे बंदराच्या धुराचा आजूबाजूच्या वस्त्यांना होणारा त्रास हा मोठा सार्वजनिक प्रश्न झालेला होता.

कल्पना अशी. प्रत्येक मुख्य इंजिन आणि प्रोपेलर यांच्या मधल्या दांड्यावर एक विजेची मोटर बसवायची. तिला वीज दोन ठिकाणांहून मिळणार: बॅटऱ्यांचा संच आणि छोटे डिझेल जनरेटर. टग थांबलेला असेल तर बॅटरी पुरे. सावकाश जायचं असेल तर छोटा जनरेटर. जहाजाला जोर लावायचा झाला की मुख्य इंजिनं आणि मोटर मिळून पूर्ण ताकद. मुख्य इंजिनं गरज पडेपर्यंत बंदच. "सदैव तयार" तर राहायचं, पण भट्टी न पेटवता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी या टगची तुलना त्याच वर्गातल्या, त्याच बंदरात काम करणाऱ्या "आल्टा जून" या साध्या टगशी केली. मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. धूर तर त्यांनी मोजलाच, पण टग कोणत्या स्थितीत किती वेळ असतो याचीही नोंद ठेवली आणि दोन्ही गोष्टी एकत्र करून हिशेब मांडला. ड्रायव्हरकाकांनी मला विचारलेला प्रश्न त्यांनी आधीच स्वतःला विचारला होता!

निकाल: हायब्रिड टगमध्ये सूक्ष्म कण 73 टक्के कमी, नायट्रोजनची ऑक्साइडं 51 टक्के कमी आणि कार्बन डायऑक्साइड 27 टक्के कमी.

आता तुम्ही म्हणाल, बॅटरीची कमाल! मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. या घटीचं मुख्य कारण बॅटरी नव्हतं. मुख्य कारण होतं छोट्या जनरेटरच्या विजेवर प्रोपेलर फिरवता येण्याची सोय. म्हणजे लग्नाचं पातेलं उतरवून घरातलं छोटं पातेलं ठेवलं, हीच मोठी बचत. छोटं इंजिन त्याच कामासाठी जास्त भारावर चालतं, नीट तापतं आणि स्वच्छ जळतं.

तिन्ही आकड्यांमधला फरकही बघण्यासारखा आहे. कार्बन डायऑक्साइड जवळपास जळलेल्या इंधनाच्याच प्रमाणात निघतो, त्यामुळे 27 टक्के घट म्हणजे इंधनाची तेवढीच बचत. पण कण 73 टक्क्यांनी घटले. म्हणजे फक्त इंधन कमी जळलं असं नाही, जे जळलं ते चांगलं जळलं. (मुख्य इंजिनंही दोन्ही टगवर एकाच प्रकारची नव्हती. त्यामुळे सगळं श्रेय एकाच गोष्टीला देऊ नये.)

दुसरी मर्यादा अशी, की ही एका बंदरातल्या दोन टगची तुलना आहे. ज्या बंदरात टग लांब अंतर जातो किंवा सतत पूर्ण जोर लावतो तिथे हे आकडे वेगळे येतील.

आणि बॅटरी म्हणजे बिनधोक उपाय, असंही नाही. याच कंपनीने "कॅम्पबेल फॉस" हा जुना टग हायब्रिड करून त्यात लिथियम बॅटऱ्या बसवल्या. 2012 मध्ये त्याच्या बॅटऱ्यांना आग लागली. बोटीवर आग लागली की पळायला जागा नसते. त्यामुळे बॅटरीचं तापमान आणि चार्जिंग यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा हा किरकोळ तपशील समजून चालत नाही.

पुन्हा वल्ह्याच्या होडीकडे

त्यानंतर पूर्ण विजेवर चालणारे टगही आले. न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात 2022 पासून "स्पार्की" काम करतोय. त्याची खेच 70 टन. 2024 मध्ये सॅन दिएगोत "ईवुल्फ" आला, तो क्राउली कंपनीचा. या कंपनीचा इतिहासही असाच आहे: 1892 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत थॉमस क्राउली नावाच्या तरुणाने एका वल्ह्याच्या होडीने सुरुवात केली होती. विजेचा टग धक्क्याला बांधला की वल्ह्याच्या होडीसारखाच गप्प असतो. काही जाळत नाही आणि तयारही असतो. फरक एवढाच, की आता ही वीज कुठून येते हा प्रश्न विचारावा लागतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये हरित टग संक्रमण कार्यक्रम जाहीर केला. पहिल्या टप्प्यात चार बंदरं आहेत: आपलं जवाहरलाल नेहरू बंदर, कांडल्याचं दीनदयाळ, पारादीप आणि तुतिकोरिनचं चिदंबरनार. प्रत्येकाने 2027 अखेरपर्यंत किमान दोन हरित टग विकत किंवा भाड्याने घ्यायचे आहेत. उरण, न्हावा-शेवा या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही लांबची बातमी नाही.

पण टग घेण्याआधी आपल्या बंदरांतले टग दिवसभरात कोणत्या स्थितीत किती वेळ असतात, ते मोजायला हवं. जहाजं किती वेळ वाट बघायला लावतात? पावसाळ्यात काय होतं? त्यावर ठरेल, की बॅटरी किती मोठी हवी, की काही टगना छोटा जनरेटरच पुरेल. लाँग बीचचा 73 टक्क्यांचा आकडा उचलून आपल्या अहवालात चिकटवणं सोपं आहे. पण तो आकडा तिथल्या टगच्या दिवसाचा आहे, आपल्या टगच्या दिवसाचा नाही.

शेवटी थियाकडे येते. टॅकोमातल्या ज्या जलमार्गाच्या काठी हा धंदा वाढला त्याला आज तिचं नाव आहे. तिथल्या उपसागराच्या काठाचा भाग 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत गेला होता आणि हा जलमार्ग त्याच भागात येतो. शंभर वर्षांच्या कारखान्यांचा, गोदामांचा, गटारांचा गाळ तळाशी साठलेला. तो काढायला आणि झाकायला पुढे कितीतरी वर्षं लागली. गाळ निदान तळाशी थांबतो, मागाहून उपसता तरी येतो. हवेतला धूर मागाहून उपसता येत नाही.

ड्रायव्हरकाकांना मी महिनाभराने पुन्हा भेटले. या वेळी आलेख नव्हता. इंजिनाचा वेग आणि वेळ नोंदवणारं एक छोटं यंत्र होतं आणि ते बसवायची परवानगी. त्यांनीच जागा दाखवली. म्हणाले, "लावा इथे. आता बघा, आम्ही किती काम करतो आणि किती नुसते तयार असतो."